मिसिसिपीच्या उगमाकडे

आमच्या घरीं गेले दोन महिने एकच विषय चालूं आहे. रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं माजघरांत नकाशा पसरावयाचा आणि घरांतील लहानथोर मंडळींनीं त्याच्याभोंवतीं बसून आपापलें मत द्यावयाचें. मधले चिरंजीव अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत नोकरीनिमित्त स्थायिक झाले आहेत. गौरीगणपतींचें विसर्जन होतांच आम्हीं उभयतांनीं त्यांजकडे जावें आणि पक्षाचें श्राद्ध थोरल्या बंधूंनीं येथें करावें, एवढें निर्विवाद ठरलें. पहावयाचें काय, याविषयीं मात्र जितकीं तोंडें तितकीं मतें. थोरल्या सूनबाई न्यूयॉर्कचें नांव घेत; धाकटे चिरंजीव नायगाऱ्याचा धबधबा सोडीनात. आमचें मागणें एकच होतें : मिसिसिपी जेथें उगम पावते तें इटास्काचें अरण्य पहावयाचें, आणि तेथें तीन रात्री तरी राहावयाचें.

या हट्टाचें मूळ आमच्या व्यवसायांत आहे. आम्ही वाईस शाळेंत संस्कृत शिकवीत असूं. परंतु शिक्षकांची वाण पडली कीं भूगोलाचा तासहि आमच्याच गळ्यांत येई. फळ्यावर मिसिसिपीची रेघ आम्हीं कितीदां ओढली असेल याची गणति नाहीं. ती रेघ नेहमीं एका लहानशा ठिपक्यापासून निघे. वाईच्या मुलांना उगम म्हणजे काय हें सांगावें लागत नसे. घाट चढून गेलें कीं क्षेत्र महाबळेश्वरीं गोमुखांतून पडणारें कृष्णेचें पाणी त्यांनीं ओंजळींत घेतलेलें असे. तरीहि एखादा चौकस मुलगा विचारी, "गुरुजी, त्या ठिपक्यापाशीं काय आहे?" तेव्हां पुस्तकांत जेवढें असे तेवढें आम्ही सांगत असूं.

त्या ठिपक्यापाशीं जें आहे तें असें. इटास्का हें मिनेसोटांतील सर्वांत जुनें राज्य-उद्यान. स्थापना १८९१ सालची. विस्तार ३२,००० एकरांहून अधिक; त्यांत लहानमोठीं शंभरांवर सरोवरें, आणि त्यांच्या कांठीं २०० वर्षांहून जुने पाइन वृक्ष. इटास्का सरोवराच्या उत्तर टोंकाशीं दगडांच्या एका ओळीवरून पाणी खळाळत बाहेर पडतें, त्यालाच मिसिसिपी म्हणावयाचें. तेथें तिची रुंदी सुमारें १८ फूट आणि पाणी गुडघ्याइतकें. पुढें २,३०० मैलांहून अधिक वाट चालून मेक्सिकोच्या आखातास मिळणारी ही महानदी तेथें मुलें हंसतखेळत ओलांडतात! शिवाय ती आधीं उत्तरेकडे जाते; बेमिजी गांवापाशीं पूर्वेस वळून मग दक्षिणेची वाट धरते. नदी उत्तरवाहिनी झाली कीं आपल्याकडे तीर्थाचें माहात्म्य वाढतें. हें ऐकतांच आमच्या सौभाग्यवतींचें मत आमच्या बाजूस वळलें.

नांवाची कथा तर संस्कृतज्ञास मोहांत पाडणारी आहे. १८३२ सालीं हेन्री स्कूलक्राफ्ट या गृहस्थांस ओजिब्वे लोकांचा नायक ओझाविंडिब यानें या सरोवरापर्यंत नेलें. स्कूलक्राफ्टनीं लॅटिनमधील 'व्हेरितास' म्हणजे सत्य आणि 'कापुत' म्हणजे शिर असे दोन शब्द घेतले, पहिल्याचें तोंड व दुसऱ्याचें शेंपूट छाटलें, आणि उरल्या अक्षरांचें 'इटास्का' केलें. आमच्या पाणिनीस हा समास खास मानवला नसता! ओजिब्वे लोक त्या सरोवरास एका मोठ्या जातीच्या हरणाच्या नांवानें ओळखत. वाटाड्यास जें ठाऊकच होतें त्यास पाहुण्यानें नांव दिलें, आणि नकाशावर पाहुण्याचेंच नांव राहिलें. नदीचें नांव मात्र ओजिब्वे भाषेंतीलच टिकलें. त्याचा अर्थ 'मोठी नदी'.

हें अरण्य आपोआप राहिलेलें नाहीं. उद्यान स्थापन झालें तरी लांकूड तोडणाऱ्या कंपन्यांचें काम तेथें चालूंच होतें. ओंडके वाहून नेण्यासाठीं त्यांनीं बांध घालून पाणी चढविलें आणि सरोवराचा कांठ बुडूं लागला. १९०३ सालीं उद्यानाच्या अधिकाऱ्यांचें निधन झालें व त्यांची २४ वर्षांची कन्या मेरी गिब्ज हिच्याकडे कारभार आला. तिनें बांधाचीं दारें उघडण्याची आज्ञा केली. समोर बंदूकधारी माणसें उभीं राहिलीं, तरी ती डगमगली नाहीं. तिची कारकीर्द थोडकीच ठरली आणि वृक्षतोड पुढेंहि कांहीं वर्षें चालली. परंतु आज उगमापाशीं जें स्वागतगृह आहे त्यास तिचेंच नांव आहे. उगमापाशींची दगडांची ओळ सुद्धां १९३० नंतरच्या दशकांत भोंवतालची दलदल आवरून माणसांनींच बसविलेली आहे. हा वृत्तांत वाचून दाखविला तेव्हां माजघर क्षणभर स्तब्ध झालें. मग थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, न्यूयॉर्क राहूं द्या. त्या मुलीनें राखलेलें रानच आधीं पाहून या."

एक वाद मात्र लवकर मिटेना. सौभाग्यवतींनीं कृष्णेच्या पाण्याचा गडू झाळून घेऊन ठेविला होता. काशीची गंगा रामेश्वरास वाहावी, त्याप्रमाणें कृष्णा मिसिसिपींत सोडावी आणि तेथील पाणी घरीं आणावें, असा त्यांचा संकल्प. दूरध्वनीवर मधल्या सूनबाईंनीं हलकेच सांगितलें, "आई, तेवढें नका करूं. इथल्या पुष्कळ सरोवरांत बाहेरचे शिंपले पाण्याबरोबर शिरले आहेत. होडी बाहेर काढली कीं तिच्यांतलें सगळें पाणी तिथेंच ओतून टाकायचें, असा कायदा आहे." त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं गडू उघडून पाणी तुळशीस घातलें आणि म्हणाल्या, "नुसते हात जोडून येऊं."

आतां आंखणी पुरी झाली आहे. मिनियापोलिसहून मोटारीनें सुमारें चार तासांचा रस्ता. मुक्काम १९०५ सालीं बांधलेल्या डग्लस लॉज नांवाच्या लांकडी विश्रामगृहांत. सप्टेंबरअखेर पानांचे रंग पालटतात तेव्हां गर्दी फार, म्हणून खोल्या आधींच राखून ठेविल्या आहेत. पहिल्या दिवशीं फक्त सरोवराकांठीं बसावयाचें. दुसऱ्या दिवशीं भल्या सकाळीं उगम. दगड निसरडे, आणि सौभाग्यवतींचे गुडघे धड नाहींत. परंतु थोडें खालीं ओंडक्याचा सांकव आहे, त्यावरून त्या पैलतीरीं येतील. तिसऱ्या दिवशीं पाइनांच्या गर्दींतून मोटारीची फेरी. १०० फुटी टेहळणी मनोऱ्यावर मुलांनीं चढावें, आम्हीं खालून मोजावें. लोंकरी कपडे व मेतकूट यांची यादी घरांतील बायकांनीं केली आहे.

या सगळ्यांत आमच्या मनांतील मुख्य गोष्ट नातीची आहे. ती अकरा वर्षांची, तेथेंच जन्मलेली. मराठी तिला समजतें, उत्तर मात्र इंग्रजींत येतें. आणि आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. दूरध्वनीच्या पडद्यावर आम्ही एकमेकांकडे पाहून हंसतों, आणि दोन वाक्यांत बोलणें संपतें. गेल्या महिन्यांत सहलीचा विषय निघाला तेव्हां तिनें विचारलें, "आजोबा, उगम म्हणजे काय?" आम्ही सांगूं लागलों, तों तीच म्हणाली, "हां, तो! मी तिथे उभी होती. पाणी खूप थंड. मी तुला दाखवेल." क्रियापदें चुकलीं होतीं. जन्मभर व्याकरण शिकविलेल्या आम्हांस तीं दुरुस्त करावींशीं वाटलीं नाहींत.

आमच्या वयास पुढील भेटीचा भरंवसा धरतां येत नाहीं. तीन आठवड्यांत दहा शहरें दाखविणाऱ्या सहली पुष्कळ आहेत. त्यांत नातवंडें मागील आसनावर झोंपून जातात. ज्यांचीं मुलेंनातवंडें परदेशीं आहेत अशा वाचकांस आम्ही एवढेंच सुचवितों कीं, जेथें नातवंडांना वाटाडे होतां येईल असें एकच ठिकाण निवडावें, आणि तेथें राहावें. आमचा वाटाड्या ठरला आहे. तिनें अट एकच घातली आहे : पाण्यांत उतरतांना आजोबांनीं धोतर गुडघ्यांवर खोंचून घ्यावयाचें.