घर विणणारी अळी

घर विणतं कोण, तर अळी! पाय नसलेली, डोळे नसलेली अळी! आंब्याच्या फांदीवर हे पाहिल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलो आहे.

आंब्या-काजूवर पानांचे गोळे करणाऱ्या, कडकडून चावणाऱ्या तांबड्या विणकर मुंग्या कोकणात कुणाला ठाऊक नाहीत? पण त्यांचं काम चालू असताना थांबून पाहिलंय कधी? पान लांब असलं की एक मुंगी दुसरीची कंबर जबड्यात धरते, दुसरी तिसरीची, आणि या साखळ्या मागे सरकत पानाची कड खेचून आणतात. मुकादम कुणी नाही! एखादं पान जरासं वळू लागलं की आजूबाजूच्या मुंग्या आपापली खटपट सोडून तिकडे धावतात. कडा भिडल्या की काही जणी जुन्या घरट्यातून मोठ्या झालेल्या अळ्या तोंडात धरून आणतात. अळी अगदी ताठ. मुंगी तिचं डोकं या कडेला टेकवते, मग त्या कडेला, पुन्हा या कडेला, आणि अळीच्या तोंडापाशी रेशीम सुटत राहतं. मागावरचा जिवंत धोटाच!

आणि हे रेशीम मुळात घरासाठी नव्हतंच! या मुंग्यांच्या कितीतरी भाऊबंदांत अळी त्याचा स्वतःभोवती कोश करते. विणकर मुंगीची अळी मात्र सगळं रेशीम घराला देते आणि पुढची वाढ उघड्यानेच पुरी करते. इथवर उत्क्रांती पोचली कशी? मुंग्यांचे अभ्यासक बर्ट हॉलडोब्लर आणि ई. ओ. विल्सन यांनी १९८३ साली नेमकं यावरच लिहिलं. अमेरिका खंडातल्या डेन्ड्रोमर्मेक्स मुंग्यांत अळी आपली आपणच भिंतीवर रेशीम सोडते, तिला धरून कुणी फिरवत नाही. कॅम्पोनोटस सेनेक्समध्ये मुंगी अळीला धरते, तरी हालचाल बरीचशी अळीच करते. पॉलिरॅकिसच्या काही जातींत अळी घरालाही रेशीम देते आणि स्वतःचा कोशही करते. विणकर मुंगीत हलवण्याचं काम सगळं मुंगीकडे, अळीकडे फक्त रेशीम, आणि त्यासाठी शरीराच्या मानाने भल्यामोठ्या रेशीमग्रंथी! या एकमेकींच्या पूर्वज नव्हेत, आजच्या चुलत शाखा आहेत. पण मधली प्रत्येक पायरी शक्य आहे हे त्या जगून दाखवतात. याहून सुंदर पुरावा मी पाहिलेला नाही.

तेव्हा आंबे काढताना घरटं दिसलं तर ओरबाडू नका. हातभर लांब उभे राहा, नवं घरटं बांधलं जात असेल तर दोन पानांच्या फटीकडे नीट बघा, आणि मुलांना हाक मारून तेही दाखवा.