भाव उतरला आणि पाटीवर १९५!

अहो, जरा इकडे या! मला काहीतरी सापडलंय आणि घरात आता ऐकून घ्यायला कोणी उरलेलं नाही. आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली नव्हे. मुलुंडला राहते, अंधेरीत एका क्लिअरिंग एजंटकडे हिशेब लिहिते आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला की शिपायाला हाक मारते. एवढी माझी पात्रता! तरी ऐका.

ऑफिसात जुना विषय निघाला. २७ जून २०१७, न्हावाशेवाचं जीटीआय टर्मिनल ठप्प! मर्स्क या जहाज कंपनीच्या एपीएम टर्मिनल्सकडे असलेलं. कॉम्प्युटर गेले, कुठला कंटेनर कोणाचा ते कळेना, सगळं हाताने सुरू. ऐरोलीमार्गे रोज ट्रक जातात तिथे! मी विचारलं, व्हायरस म्हणजे नेमकं काय झालं? कोणालाच सांगता येईना. आणि मग मी रात्री वाचायला बसले आणि मग उठलेच नाही आणि मग दूधवाला आला.

त्या व्हायरसचं नाव नॉटपेट्या. निघाला कुठून? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! मेडॉक त्याचं नाव. हिशेबाच्या! म्हणजे आमच्याच बिरादरीतून! आत शिरला की तो पासवर्ड चोरत पसरायचा, आणि शिवाय त्याच्याकडे एक हत्यार होतं, इटर्नलब्लू. ते अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने बनवलं होतं असं मानतात. त्याच्या मुळाशी जी चूक आहे ना, ती बघून मी खुर्चीतून उठून उभी राहिले. खरंच!

विंडोजच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, फायली नेटवर्कवरून देण्याघेण्याचं काम करणारा एक तुकडा होता. बाहेरून माहितीची एक यादी येते. यादीच्या डोक्यावर तिची लांबी लिहिलेली. यादीत शेवटी काही गडबड दिसली की कोड म्हणतो, चांगल्या नोंदी तेवढ्या ठेवू आणि लांबी कमी करून लिहू. बरोबरच आहे की! पण लांबीचा आकडा ३२ बिटांचा आणि कमी केलेला आकडा लिहिला फक्त खालच्या १६ बिटांत. वरचा अर्धा पुसलाच नाही!

कळलं नाही ना? मलाही नव्हतं. घाटकोपर स्टेशनबाहेरची भाजीवाली डोळ्यासमोर आणा. पाटीवर १०० लिहिलंय. भाव उतरला, ९५ झाला. तिने मागचे दोनच आकडे पुसले आणि तिथे ९५ लिहिलं. पाटी काय म्हणते? १९५! उतरवायला गेली आणि दुपटीच्या जवळ!

आता खरे आकडे. फोनवर कॅल्क्युलेटर काढा, काढाच! हल्लेखोर यादीची लांबी मुद्दाम ६५,५३६ सांगतो. का? कारण १६ बिटांत ६५,५३५ च्या पुढे मावत नाही, म्हणजे वरच्या अर्ध्यात एक १ येऊन बसतो. मग लांबी कमी होऊन व्हायला हवी ६५,३७३. पण तो वरचा १ तसाच! म्हणून होते १,३०,९०९! आणि गंमत अशी की मेमरीत जागा मागितली जाते ती चांगल्या नोंदींच्या बेतानेच, आणि मग नकलून भरताना मात्र हा फुगलेला आकडा धरला जातो, आणि मग जागा संपते तरी भरणं चालूच राहतं, आणि मग शेजारच्या मेमरीत जे काही होतं त्याच्यावर लिहिलं जातं! गाभ्यात! जिथे यंत्राचा पूर्ण ताबा असतो तिथे!

आणि शेजारी कोण बसणार तेही हल्लेखोर आधी ठरवतो. भराभर कनेक्शन उघडून जागा धरून ठेवतो, मधलं एक सोडतो, आणि ओसंडणारी यादी नेमकी त्या रिकाम्या जागेत येईल अशी वाट बघतो. काय डोकं! (कौतुक करू नये, कळतं मला. पण होतं.)

बरं, ही यादी कशाची? ओएस टू नावाच्या, १९८७ साली आलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पद्धतीची! त्या पद्धतीतून नव्या पद्धतीत उतरवून घेण्याचा कोड इतकी वर्षं आत पडून होता. माळ्यावरचं सामान हो! कोणी बघितलंय का वर चढून?

दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. हत्यार चव्हाट्यावर आलं १४ एप्रिलला. १२ मेला वॉनाक्राय नावाचा दुसरा व्हायरस. आणि २७ जूनला न्हावाशेवा. दुरुस्ती केलेली यंत्रंही नॉटपेट्याने घेतली, कारण चोरलेले पासवर्ड होतेच.

मर्स्कने नुकसान २० ते ३० कोटी डॉलर धरलं. पण मला आवडलं ते पुढचंच! जगभरचं नेटवर्क पुन्हा उभं करायला जी मूळ नोंद लागते, ती ठेवणारी सगळी यंत्रं पुसली गेली. एकच वाचलं, घानामध्ये. कसं? तिथे वीज गेली होती! लोडशेडिंग कामाला आलं हो! आणि मग ती नोंद इंग्लंडला न्यायची तर घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नाही, आणि मग एकजण विमानाने नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या हातात हार्ड डिस्क दिली, आणि मग तो पुढे लंडनला! कुरिअरच की!

आणि नॉटपेट्याकडे आणखी एक हत्यार होतं. नाव बघा, इटर्नलरोमान्स! तेही त्याच तुकड्यातल्या दुसऱ्या चुकीवर चालतं. ती चूक अजून वाचायची राहिलीय. आज रात्री बसते. येताय का? चहा माझ्याकडून!