शून्याची साक्ष

दोष दाखवण्यासाठी मराठीत पायरीपायरीचे शब्द आहेत. एखादी गोष्ट खटकते, एखादी चुकते आणि एखादीने अर्थाचा अनर्थ होतो. उत्तरपत्रिका तपासताना मात्र या तिन्हींसाठी लाल शाईची एकच रेघ पुरते. असा भेद कटाक्षाने पाळणारा वाचक मला भेटला तो एका संगणकभाषेच्या कंपाइलरमध्ये. आणि त्याच्याही वाचनाला एक मर्यादा आहे, हेही तिथेच कळले.

ती भाषा म्हणजे लिस्प. १९५८ साली एमआयटी या अमेरिकन संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी तिची मांडणी सुरू केली आणि १९६० साली त्यावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आज वापरात असलेल्या सर्वांत जुन्या संगणकभाषांपैकी ती एक आहे. तिची 'कॉमन लिस्प' ही शाखा १९९४ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झाली. मराठीच्या अध्यापकाने या वाटेला जाण्याचे कारण तिच्या नावातच आहे. याद्यांवर, म्हणजे सूचींवर, प्रक्रिया करणारी भाषा असा त्या नावाचा अर्थ आहे आणि मला हवी होती ज्ञानेश्वरीची शब्दसूची. सुमारे नऊ हजार ओव्यांतला प्रत्येक शब्द कोणत्या अध्यायात, कितव्या ओवीत येतो, हे सांगणारा कार्यक्रम मी एसबीसीएल या कंपाइलरवर रचला. तो एका सर्व्हरवर अखंड चालू असतो. संशोधक विद्यार्थी त्याला शब्द विचारतात आणि तो स्थळे सांगतो.

एका विद्यार्थिनीने त्याला एक दुर्मीळ शब्द विचारला. उत्तर आले: ०. हा शब्द ज्ञानेश्वरीत येत नाही, असे विधान तिने प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यात केले आणि त्यावर पुढचे दोन परिच्छेद उभे राहिले. सुदैवाने पडताळा म्हणून तिने तेराव्या अध्यायात 'ज्ञान' हा शब्द शोधला. त्याचेही उत्तर ० आले! ज्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे एकामागून एक उलगडत जातात, त्या अध्यायात ज्ञान नाही, असे यंत्र शांतपणे सांगत होते. गंमत अशी की माझ्या टेबलावरच्या संगणकावर हाच कार्यक्रम तीच संहिता वाचून अचूक स्थळे दाखवत होता.

पहिली साक्ष कंपाइलरची काढली. सगळी संहिता नव्याने कंपाइल केली, तेव्हा त्याने काही इशारे दिले. एके ठिकाणी एका चलाला नाव दिले होते, पण त्याचा उपयोग कुठेच केला नव्हता. याला कॉमन लिस्पमध्ये 'स्टाइल-वॉर्निंग' म्हणतात, म्हणजे शैलीविषयक इशारा. वाक्य चुकलेले नाही, पण खटकते आहे. त्या चलाकडे मुद्दाम दुर्लक्ष केले आहे असे लेखकाने लिहून ठेवले, की कंपाइलर पुन्हा टोकत नाही. न सांगितलेले चल वापरले तर मात्र तो पुरा इशारा देतो. आणि एखाद्या फलनाची व्याख्या अजून दिसली नसेल, तर तो लगेच निवाडा करत नाही. व्याख्या कदाचित पुढे येईल, म्हणून तो संपूर्ण एकक संपेपर्यंत थांबतो आणि तरीही ती आली नाही, तरच शेवटी तसे सांगतो. मराठी वाचकाला हे धैर्य ओळखीचे वाटेल. 'जो' ऐकला की आपणही 'तो' येईपर्यंत वाक्य तोलून धरतो. फाइल कंपाइल झाल्यावर मिळणाऱ्या उत्तरात तर दोन स्वतंत्र रकाने असतात: काही इशारा होता का आणि संकलन फसले असे मानावे का. निव्वळ शैलीदोषाने दुसऱ्या रकान्यात नापासाचा शेरा पडत नाही. आमच्याही इशाऱ्यांत शून्याला जबाबदार असे काही नव्हते.

दुसरा संशय चालू प्रोसेसवर होता. लिस्पचा कार्यक्रम चालू असतानाच त्यातल्या व्याख्या बदलता येतात. हे तिचे मोठे सामर्थ्य आहे आणि पेचही तिथेच आहे. फाइलमधून पुसून टाकलेली व्याख्या प्रोसेसच्या स्मृतीत जिवंत राहू शकते. मग लिहिलेला पाठ एक आणि चालणारा पाठ दुसरा, अशी स्थिती होते. पोथी आणि मुखपरंपरा यांच्यातले अंतर ज्यांनी अभ्यासले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीचे पाठ शुद्ध करावे लागले, कारण पाठ चालता चालता बदलतात. इथे उपाय सोपा होता. प्रोसेस पूर्ण बंद करून केवळ फाइलवरून पुन्हा सुरू करायची. स्मृतीतले सगळे गेले, लिहिलेले तेवढे उरले. शून्य मात्र हलले नाही.

मग उरली प्रत्यक्ष विचारपूस. ईमॅक्स या संपादकात स्लाइम नावाची सोय आहे. तिचा दुसरा भाग, स्वँक, लिस्पच्या प्रोसेसमध्ये राहून प्रश्नांची वाट पाहतो. त्याचा रूढ पोर्ट ४००५. त्या वाटेने सर्व्हरवरच्या चालू प्रोसेसमध्ये शिरून मी एवढेच विचारले, की तू वाचलेल्या संहितेतल्या 'ज्ञान' या शब्दाची लांबी किती? टेबलावरच्या संगणकाचे उत्तर होते ५. सर्व्हर म्हणाला, १५.

या दोन आकड्यांत सगळे रहस्य होते. आपल्या कानाला 'ज्ञान' दोन अक्षरी आहे. युनिकोडच्या हिशेबी ज, हलन्त, ञ, काना आणि न अशी त्यात पाच चिन्हे आहेत. यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून बाइट पंधरा. सर्व्हरवरची प्रोसेस सुरू होताना तिला लिपिसंकेत कोणता ते सांगितलेच गेले नव्हते. तिने फाइल 'लॅटिन-१' या पाश्चात्त्य लिप्यांच्या संकेताने वाचली आणि प्रत्येक बाइटला एक स्वतंत्र अक्षर मानले. विचारलेला शब्द पाच चिन्हांचा आणि संहितेतला पंधरा, मग दोघांची भेट होणार कशी? फाइल उघडतानाच यूटीएफ-८ चा स्पष्ट निर्देश करणारी एक ओळ घातली आणि ज्ञान तेराव्या अध्यायात परतले.

यात मला सर्वांत बोचली ती शांतता. लॅटिन-१ मध्ये बाइटच्या २५६ पैकी प्रत्येक मूल्याला काही ना काही चिन्ह नेमलेले असते, त्यामुळे कोणतीही फाइल त्या संकेताने विनातक्रार वाचता येते. न वापरलेल्या एका चलाबद्दल कंपाइलर टोकतो आणि अख्खी ज्ञानेश्वरी परक्या लिपीत वाचली गेली तरी कोणी ब्र काढत नाही. यात कंपाइलरचा दोष नाही. तो रचनेचा वाचक आहे. रचना निर्दोष होती, फक्त ती कशाबद्दल बोलत होती हे हरवले होते. 'ज्ञान' शून्य आले म्हणून आपण दचकलो, कारण ते आहे हे आपल्याला आधीच ठाऊक होते. दुर्मीळ शब्दाच्या शून्याने कोणीच दचकले नसते. ते पान क्रमांकासह प्रबंधात गेले असते आणि पुढच्या अभ्यासकाने ते प्रमाण मानून उद्धृत केले असते. सूचीतले शून्य ही रिकामी जागा नसते, ते एक विधान असते. 'आहे' म्हणायला एक ओवी पुरते, 'नाही' म्हणायला सगळी पोथी नीट वाचलेली असावी लागते.

विद्यार्थिनीचा तो शब्द पुढे दोन ओव्यांत सापडला. तिने ते दोन परिच्छेद काढून टाकले आणि त्या ओव्यांवर एक नवा परिच्छेद लिहिला. तो आधीच्या दोहोंपेक्षा सरस आहे. कार्यक्रमातही आता आरंभीच एक अट आहे. संहितेतल्या 'ज्ञान' शब्दाची लांबी पाच भरली नाही, तर तो कोणाच्याही प्रश्नाला उत्तर न देता तिथेच थांबतो.