खासगी बाजारात छप्पनची गोष्ट

ग्वाल्हेरला काकांकडे गेलं की बाड्यावर रिक्षा सोडायची आणि खासगी बाजारापर्यंत चालत यायचं, हा माझा नेम. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे छावणी टाकली, म्हणून हे लश्कर. खासगी म्हणजे शिंदे सरकारांचं घरचं खातं. आमचे पणजोबा तिथेच कारकून होते.

या खेपेला चहा पिताना छप्पनच्या दुष्काळाचा विषय निघाला. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. पावसाने दडी मारली आणि दुष्काळ कसला ते माहीत नसलेला माळवासुद्धा होरपळला. भुकेमागून साथी आल्या. १८९१ नंतरच्या दहा वर्षांत संस्थानची वस्ती घटून २९ लाख ३३ हजारांवर आली.

"इंग्रजांनी मारलं," काका म्हणाले. रमेशचंद्र दत्तांनी जड शेतसाऱ्याबद्दल कर्झनला लिहिलेली जाहीर पत्रं, दक्षिणेत माणसं मरत असताना १८७७ साली लिटनने दिल्लीत भरवलेला दरबार, सगळं त्यांना पाठ.

त्यांची नात बारावीत आहे. ती म्हणाली, "पण आबा, इथे इंग्रज कलेक्टर कुठे होता? सारा तर आपले महाराजच घ्यायचे ना?"

काका जरा थांबले. मग स्वतःच सांगू लागले. जयाजीराव १८८६ साली गेल्यावर किल्ल्यात पुरलेली चांदी निघाली आणि साडेतीन कोटी रुपये इंग्रज सरकारला कर्जाऊ गेले. माधवराव तेव्हा दहा वर्षांचे, त्यांना कोण विचारणार? पण १९०० मध्ये ते जाणते होते, आणि चीनच्या लढाईसाठी त्यांनी 'ग्वाल्हेर' नावाचं इस्पितळ-जहाज सज्ज करून दिलं. पुढे धरणं-तलावांवर खर्च केला तोही त्यांनीच. तिघरा त्यांच्याच काळातलं. (महाराजांविरुद्ध शब्द काढताना काकांचा आवाज आपोआप खाली येतो. संस्थान जाऊन पाऊण शतक झालं तरी!)

"आणि आपल्या घरी काय झालं त्या वर्षी?" नातीने विचारलं.

काही नाही. पगार चालू होता, चूल पेटत होती. म्हणूनच आमच्या घरात छप्पनची एकही गोष्ट नाही.

काकी आतून म्हणाल्या, "आपल्याकडे कामाला येतात त्या मावशी श्योपूरकडच्या. त्यांना विचार."

मावशी त्या घरात वीस वर्षं येताहेत. हे विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.