हिरवळीवरचा मोह

गेल्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये माझी हजेरी फार कमी भरली. सरांनी वर्गात उभे करून कारण विचारले, तेव्हा "घरी काम होते" एवढेच मी सांगितले आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. घरचे काम म्हणजे शेतीचे, असे सर समजले असावेत. एका अर्थी ते खरेही होते. दीड महिना मी आमच्याच शेतात राबत होतो. फक्त ते शेत आता आमचे राहिलेले नव्हते आणि त्यात धान नव्हे, गवत पिकत होते.

चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाणारी एस. टी. पद्मापूरचे नाके ओलांडून पुढे गेली की डाव्या-उजव्या हाताला सागाचे आणि बांबूचे जंगल लागते. पुढे मोहर्लीला इरई धरणाचे पाणी पसरलेले आहे. आपल्या शहरातले औष्णिक वीज केंद्र याच पाण्यावर चालते. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य जाहीर झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. आमच्या गावाला मात्र यातले काही कळले असेल तर ते जमिनीच्या भावावरून. वाघ पाहायला मोटारी येऊ लागल्या आणि रस्त्याकाठच्या बांध्यांना गिऱ्हाईक आले. २०१० च्या सुमारास बाबांनी आमची दोन एकर बांधी विकली. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. मोठ्या ताईचे लग्न होते आणि सोसायटीचे कर्जही होते. पैसा आला तसा गेला. त्या जागेवर पाहुण्यांसाठी दहा कौलारू खोल्या उभ्या राहिल्या, मध्ये आठ गुंठ्यांची हिरवळ झाली आणि बाबा तिथे माळी म्हणून लागले.

हिरवळ या शब्दावरून एक गोष्ट आठवली. शेतकऱ्याच्या घरात 'हरळी' हा शब्द शिवीसारखा वापरतात. धुऱ्यावरची हरळी एकदा शेतात शिरली की तिचा काशा खणून काढता काढता कंबर मोडते. एक कांडे मातीत राहिले तरी पुन्हा फुटते. बाबांनी उभा जन्म ती उपटण्यात घालवला. लॉन लावायचे ठरले तेव्हा नागपूरहून गवताचे गठ्ठे टेम्पोतून आले. बाबांनी एक काडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि त्यांना हसू आवरेना. ती हरळीच होती, जराशी बारीक पानांची. ज्या मातीतून ती वीस वर्षे उपटली त्याच मातीत ती बोटाबोटाच्या अंतरावर लावायची, तिला शेणखत घालायचे, पाणी पाजायचे, आणि याचा महिन्याला पगार! "आता हरळीनं आपल्याले विकत घेतलं," असे बाबा त्या दिवशी म्हणाल्याचे माय अजून सांगते.

गेल्या मार्चमध्ये बाबा शिडीवरून पडले. बोगनवेल छाटताना पाय घसरला आणि नडगीचे हाड मोडले. बदली माणूस लागला असता तर बाबांची जागा राहील की नाही, याची खात्री नव्हती. म्हणून मी जाऊ लागलो.

बाग राखणे म्हणजे फुलांना पाणी घालणे, अशी माझी समजूत होती. पहिल्या आठवड्यातच ती गेली. आमच्या चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे तुम्हांला सांगायला नको. दिवसा पाणी दिले तर ते मातीत मुरण्याआधीच उडून जाते. म्हणून पहाटे साडेचारला नळी धरायची आणि पुन्हा दिवस मावळल्यावर. गवत फार बुडापासून कापायचे नाही. चार बोटे ठेवले तर मुळांना सावली राहते. लव्हाळ्याची गाठ खुरप्याने खोलवर जाऊन काढायची, वरून तोडली तर एकाच्या जागी तीन उगवतात. जास्वंदीच्या कळ्या वानरे खाऊन जातात. कर्दळीचे कंद साळिंदर रात्री उकरते. मालकांनी हौसेने आणलेले पाम दर उन्हाळ्यात करपतात आणि दर पावसाळ्यात नवे येतात. कुंपणाच्या मेंदीला गुडघ्यापेक्षा वर जाऊ द्यायचे नाही, हा बाबांचा कडक नियम. पाहुण्यांना वाटते ही शोभा आहे. खरे कारण असे की दाट झुडपाच्या आड बिबट्या बसला तर दिसत नाही.

एकदा सहज हिशोब केला. नळीखाली पंधरा लिटरची बादली अर्ध्या मिनिटात भरते. सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास पाणी, म्हणजे रोज ५४०० लिटर. हे मी बाबांना सांगितले नाही. आमच्या आळीतल्या हातपंपावर एप्रिलमध्ये वीसदा दांडा मारल्यावर पाण्याची पहिली धार येते, हे त्यांना ठाऊकच होते.

पण मला सांगायचे आहे ते मोहाविषयी.

बांधीच्या धुऱ्यावर आमचे एक मोहाचे झाड होते. माझ्या आजीच्या सासूच्या वेळचे, असे म्हणत. जमीन विकली तेव्हा तेही गेले. बांधकामवाल्यांनी ते सावलीसाठी राखले आणि आता ते हिरवळीच्या एका कडेला उभे आहे. मार्चमध्ये त्याची पाने गळतात आणि नंतर रात्रभर फुले टपटपत राहतात. पहाटे नळी घेऊन गेलो की ओल्या गवतावर ती फिकट पिवळी, रसाने टंच फुले पसरलेली असत आणि साऱ्या बागेला तो गोडसर, जड वास येई.

जंगलात मोहफुले वेचणे सोपे नसते. झाडाखालचा पाचोळा आडवा येतो, म्हणून लोक तो जाळतात. ती आग कधी कधी पुढे जंगलात पसरते, आणि वनखाते दर उन्हाळ्यात त्यासाठी समजावत फिरते. आणि वाकून वेचणारा माणूस पाठीमागून वाघाला माणसासारखा दिसत नाही, असे जाणते सांगतात. मोहफुले आणि तेंदूपाने तोडायच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात काय बातम्या येतात, त्या आपण सगळेच वाचतो. आमच्या झाडाला यातले काहीच भय नव्हते. खाली स्वच्छ गवत, भोवती जाळीचे कुंपण, फाटकावर राखणदार. माय दरवर्षी पहाटे टोपले घेऊन येई आणि पाहुणे उठण्याआधी दोन टोपली वेचून मागच्या फाटकाने निघून जाई. आधीच्या मॅनेजरची याला हरकत नव्हती. फुले वाळवून विकली की त्यातून पावसाळ्याचा किराणा निघे, आणि माझी बारावीची फीही एकदा त्यातूनच निघाली होती.

नवे मॅनेजर आले ते गेल्या वर्षीच. बाहेरचे माणूस पहाटे आवारात नको, असे त्यांनी ठरवले. त्यांचेही फार चुकले असे मी म्हणणार नाही. दहा खोल्यांतल्या माणसांची जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि कोण आत येते-जाते हे त्यांना पाहावेच लागते. पण हुकूम निघाला तो असा की, बाहेरच्या कोणी फुले वेचू नयेत आणि माळ्याने ती रोज सकाळी झाडून खतखड्ड्यात टाकावीत. पाहुण्यांच्या बुटांना चिकटतात आणि दुपारपर्यंत आंबूस वास सुटतो, म्हणून. माळी मी होतो.

पहिल्या दिवशी मी झाडली. खराट्याने ढीग केला, घमेल्यात भरला आणि खड्ड्यात ओतला. वर गवताची कापण टाकली, कारण ती उघडी पडलेली माझ्याने पाहवेना. घरी आलो तर खाटेवरून बाबांनी विचारले, "किती पडली आज?" मी म्हटले, "थोडीच. औंदा बहर कमी आहे." ते काही बोलले नाहीत. मोहाचा बहर कसा आहे हे त्यांना खाटेवर पडूनही वाऱ्यावरून कळत होते.

माय मग बायकांच्या घोळक्याबरोबर जंगलात जाऊ लागली. अंधारात निघायच्या, हाका घालत, डबे वाजवत जायच्या. मी नळी धरून उभा असे आणि दूरवरून त्यांच्या हाका ऐकू येत. हळूहळू त्या विरत जात. माझ्या पायाशी तीच फुले पडलेली असत आणि त्यांच्यासाठी माझी माय तिकडे चालली होती. सकाळी आठ वाजता ती फाटकासमोरच्या रस्त्याने टोपले डोक्यावर घेऊन परत जाताना दिसेपर्यंत माझे कामात लक्ष लागत नसे. एकदा ती साडेनऊपर्यंत आली नाही. वाटेत काटा मोडला म्हणून एका बाईसाठी सगळ्या थांबल्या होत्या, एवढेच. पण त्या दीड तासात मी एका जागी इतके पाणी सोडले की तिथली माती वाहून गेली.

दुसऱ्या दिवशी मी घमेले खड्ड्याकडे न नेता गोणीत रिकामे केले आणि गोणी कुंपणाबाहेर ठेवली. राखणदाराने पाहिले. तो आमच्याच गावचा. त्याने तोंड फिरवले. पण दोनच दिवसांनी मॅनेजरसाहेबांनी बोलावून विचारले. मी खरे तेच सांगितले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "मग हे झाडच काढून टाकू. कटकट नको."

घरी आल्यावर मी हे बाबांना सांगितले. आधीच्या साऱ्या थापाही तेव्हाच कबूल केल्या. बाबा म्हणाले, "मोह असा तोडता येत नाई. परवानगी लागते." नंतर मी आपल्या ग्रंथालयात पाहिले. १९६४ च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्यात, खासगी जागेतही परवानगीशिवाय तोडू नये अशा झाडांच्या यादीत मोह आहे. चौथी शिकलेल्या बाबांना हे ठाऊक होते आणि मला नव्हते.

एप्रिलच्या शेवटी बाबा काठी टेकत कामावर गेले. मॅनेजरसाहेबांना त्यांनी मोहाच्या बुंध्याशी नेले आणि सालीवरचे ओरखडे दाखवले. अस्वल मोहफुलांसाठी वेडे असते, हे तर खरेच आहे. फुले सकाळपर्यंत पडून राहिली तर एखाद्या रात्री ते जाळीवरून आत येईल, म्हणून ती पहाटे चारलाच उचलायला हवीत, त्यासाठी एखादी बाई लावा, असे बाबांनी शांतपणे समजावले. साहेब दोन पावले मागे सरकले, असे राखणदार सांगतो. ते ओरखडे अस्वलाच्या नखांचे होते की आमच्या खुरप्याचे, हे मी बाबांना आजवर विचारलेले नाही.

यंदा मार्चपासून माय पुन्हा हिरवळीवर जाते. रखवालदाराच्या वहीत तिचे नाव 'सफाई' म्हणून लिहिले जाते. मजुरी मात्र नाही, कारण ती फुले नेतेच ना! मला हे पटत नाही आणि मी तसे घरी बोललोही. माय म्हणाली, वाघापेक्षा वही बरी.

होळीच्या सुट्टीनंतर एका पहाटे मी तिच्याबरोबर गेलो होतो. बाबा एका पायावर जोर देत नळी धरून उभे होते, माय अनवाणी वाकून वेचत होती. मीही वेचू लागलो तर तिने माझ्या हातातले टोपले काढून घेतले आणि म्हणाली, "पहिली गाडी चुकवू नको. हजेरी कोन भरन तुयी?"