पाच माणसं, दोन केबिन

सकाळी आठच्या सुमाराला दिव्याला लोकलमध्ये शिरायला मिळालं, की त्या दिवसापुरती लॉटरी लागल्याचा आनंद होतो. ठाण्याला उतरायचं, ट्रान्सहार्बर पकडायची, ऐरोलीचं ऑफिस गाठायचं. एक हात वर, पर्स पोटाशी आणि कुणाचा तरी कोपर खांद्यात! अशाच एका सकाळी कळवा सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली आणि शेजारणीच्या मोबाइलवर मला ती जाहिरात दिसली. निळाशार समुद्र, पांढरीशुभ्र बोट आणि डेकवर आरामखुर्चीत पाय पसरून बसलेलं चौकोनी कुटुंब. खाली ठळक आकडा : 'अमुक हजारांपासून'. पाय पसरून! मला त्या क्षणी दोन्ही पाय टेकवायला मिळाले असते तरी चाललं असतं.

बोनस नुकताच जमा झाला होता. पण त्या बोनसवर आमच्या घरात आधीच एक दावेदार होता. विजयदुर्गजवळच्या गावच्या घराची कौलं. गेल्या पावसात माजघरात चार ठिकाणी भांडी लावावी लागली होती आणि बाबांनी सुताराला शब्द देऊन ठेवला होता. त्यामुळे रात्री जेवताना मी क्रूझचा विषय काढला, तेव्हा बाबांनी पानातून मान वर न करता मालवणीत निकाल दिला, "गावाक नेता ती बोट. हय बसवन परत हयच हाडून सोडतली, तेका पैशे कित्याक?"

युक्तिवाद बिनतोड होता. बाबांचं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. दर मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गाव. 'कोकणसेवक', 'कोकणशक्ती' ही नावं त्यांच्या तोंडी आपल्या फास्ट-स्लोसारखी येतात. डेकवर वळकटी पसरायची, ट्रंकेवर डोकं टेकायचं आणि विजयदुर्ग आलं की मोठ्या बोटीतून पडावात उतरायचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे ही वाहतूक आटोपली, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि कोकणी माणसाची बोट कायमची सुटली. आता आमचं गाव म्हणजे पहाटेची दिवा-सावंतवाडी आणि दिवसभराचा प्रवास.

तरी मी हट्टाला पेटले. कारण दुसरं होतं. आईला आठवतं तेव्हापासून तिची एकही सुट्टी स्वयंपाकघराबाहेर गेलेली नाही. गावाला गेलो तर चूल, देवाला गेलो तर डबे. बाबांचे गुडघेही कुरकुरायला लागलेत. म्हटलं, कौलं होतील, पण हे दोघं पुढच्या वर्षी जिने चढतील याची गॅरंटी कुणी द्यावी? शेवटी तह झाला : अर्धा बोनस कौलांना, अर्ध्यात बसेल ती क्रूझ.

आणि मग सुरू झाला आकड्यांचा खेळ!

आम्ही पाच जण. मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि आई-बाबा. ठाण्यातल्या एका एजंटने अगदी आत्मविश्वासाने सांगितलं, "चौघं एका केबिनमध्ये टाकू मॅडम, पिल्लू ॲडजस्ट होईल." ॲडजस्ट! हा शब्द दिव्याच्या माणसाला इतका ओळखीचा, की मी मान डोलावणारच होते. पण बोट म्हणजे लोकल नव्हे. 'थोडं सरका' म्हणून इथे चौथी सीट निर्माण होत नाही. केबिनमध्ये किती माणसं हे ठरलेलं असतं, कारण लाइफबोटीतली जागाही मोजलेली असते. शिवाय चार जणांच्या केबिनमध्ये दोन बिछाने खाली आणि दोन भिंतीतून उघडणारे, शिडीने चढायचे. बाबांना शिडीवर चढवायचं? आईला? म्हणजे दोन केबिन आल्याच : एकीत तिघं, दुसरीत दोघं.

इथेच जाहिरातीतल्या आकड्याची गंमत कळते. 'माणशी' हा भाव एका केबिनमध्ये दोघं धरून असतो. तिसऱ्याला बहुतेक ठिकाणी कमी भाडं. एकटं जाणाऱ्याला मात्र जवळजवळ दोघांचं भरावं लागू शकतं. भाड्याच्या वर पोर्ट चार्जेस आणि ग्रॅच्युइटी म्हणजे बोटीवरच्या स्टाफची टीप. ही माणशी लागतात, वरचा बिछाना असो की खालचा. मग जीएसटी.

समजा, एका कंपनीचा भाव माणशी 20 हजार आणि वरचे चार्जेस माणशी 6 हजार. दुसरीचा 24 हजार, पण त्यात सगळं धरलेलं. तिसऱ्याला दोन्हीकडे निम्मं भाडं. आता आम्हा पाच जणांचा हिशेब करा. पहिलीकडे भाडं 90 हजार आणि चार्जेस 30 हजार, म्हणजे 1 लाख 20 हजार. दुसरीकडे 1 लाख 8 हजार. जाहिरातीत चार हजारांनी महाग दिसणारी बोट प्रत्यक्षात बारा हजारांनी स्वस्त! म्हणून एजंटला एकच प्रश्न विचारायचा : "आम्ही इतके जण, या वयाचे. सगळं धरून शेवटचा आकडा लिहून द्या." आमच्या एजंटने हा प्रश्न ऐकल्यावर दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मीच विचारणं सोडून दिलं.

नवऱ्याचा डोळा सिंगापूरवर होता. ऑफिसमधलं कुणीतरी तिकडे जाऊन आलं होतं, आणि ऑफिसातल्या कुणीतरी केलेली ट्रिप ही किती संसर्गजन्य असते हे तुम्हाला सांगायला नको. तिथल्या बोटी खरंच राक्षसी. 2022 पासून सिंगापूरहून सुटू लागलेली 'गेंटिंग ड्रीम' दीड लाख टनांची. रॉयल कॅरिबियनची 'अँथम ऑफ द सीज' 2024 च्या अखेरीस तिथे आली, ती त्याहून मोठी, आणि तिच्यावर कृत्रिम लाटांवर सर्फिंग करायची आणि हवेच्या झोतावर तरंगायची सोय. एका रात्रीचं माणशी भाडं काढलं, तर काही तारखांना ते मुंबईच्या बोटीच्या आसपासच येत होतं. नवरा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होता.

मग मी उरलेली बेरीज मांडली. पाच विमान तिकिटं. पाच व्हिसा, आणि बोट मध्ये मलेशिया किंवा थायलंडला जाऊन परत येणार म्हणून सिंगापूरचा व्हिसा पुन्हा आत येता येईल असाच हवा. विमान लेट झालं तर बोट थांबत नाही, म्हणून आदल्या रात्रीचं हॉटेल. मोठ्या अमेरिकन लाइन्सवर ग्रॅच्युइटीच माणशी रोज साधारण 15 ते 20 डॉलर. पाच जणांना चार रात्रींचे अठरा डॉलरने 360 डॉलर झाले! पॅकेज इथून घेतलं तर टीसीएस कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता होतो हे खरं, पण तोवर पैसे अडकलेले. बाबांच्या पासपोर्टची मुदत संपून तर चार वर्षं झालीत.

आणि मुख्य म्हणजे, हवेत तरंगणार कोण? आई? क्रूझची तुलना करताना आपण बोटीवर काय काय आहे याची यादी बघतो. बघायला हवं ते हे, की आपल्या घरातली माणसं त्यातलं काय वापरणार आहेत. न वापरलेल्या वॉटर स्लाइडचे पैसेही तिकिटात असतातच. दोघंच असतो, तर मी सिंगापूरला डोळे मिटून हो म्हटलं असतं. आई-बाबांना घेऊन नाही.

राहिली मुंबई. पण इथला इतिहास जरा धडकी भरवणारा. 2005 मध्ये स्टार क्रूझेसची 'सुपरस्टार लिब्रा' मुंबईत आली होती, तेव्हा केवढं कौतुक झालं होतं! ती गेली. 2018 मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली, 2020 मध्ये थांबली. 2019 मध्ये 'जलेश'ची 'कर्णिका' आली, कोविडमध्ये कंपनीच बंद झाली आणि बोट अलंगला भंगारात गेली. 'कोस्टा'च्या बोटी सीझनपुरत्या येऊन गेल्या. टिकली ती सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झालेली कॉर्डेलियाची 'एम्प्रेस'. ही बाई 1990 सालची, मूळची रॉयल कॅरिबियनचीच 'नॉर्डिक एम्प्रेस'. साधारण 48 हजार टन, म्हणजे सिंगापूरवाल्यांसमोर धाकटी बहीणच. पण देशातल्या देशात फिरायला पासपोर्ट लागत नाही, ओळखपत्र पुरतं. शाकाहारी-जैन जेवण तिकिटातच, दारूचे पैसे वेगळे (आमच्या घरात हा मुद्दा दोन मिनिटांत निकालात निघाला). आणि एअरपोर्ट म्हणजे आपलं दिवा स्टेशन!

एक भीती उरली होती. आईला एसटी लागते. मग बोट लागली तर? यावरचा स्वस्त आणि मस्त उपाय म्हणजे रिहर्सल. एका रविवारी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो पकडली. 2020 मध्ये सुरू झालेली ही फेरी तासाभरात पलीकडे नेते. आई खिडकीशी बसून शेंगा खात होती. बोट लागली ती आमच्या नवरोबांना! बाबा मात्र गप्प होते. परत येताना म्हणाले, त्यांच्या आजीने बोटीत कधी पाऊल ठेवलं नाही. 17 जुलै 1947 ला, गटारी अमावस्येला, याच धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. चाळीतली ओळखीची होती काही. मी हे पहिल्यांदाच ऐकत होते.

तारीख आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली, तीही शनिवार-रविवार टाळून घेतली. दिवाळी, नाताळ आणि लाँग वीकेंडला हेच तिकीट आकाशाला भिडतं. पहिलीतल्या पोरीच्या दोन दिवसांच्या दांडीने कुठलंही करिअर बुडत नाही. केबिन दोन्ही इंटिरियर, म्हणजे बिनखिडकीच्या, आणि खालच्या डेकवर मधोमध. सगळ्यात स्वस्त जागा ती हीच आणि बोट सगळ्यात कमी हलतेही इथेच! बाल्कनीचे पैसे वाचवा. समुद्र बघायला डेक फुकट आहे.

आईने बेसनाचे लाडू केलेच. घरचे खाद्यपदार्थ बहुतेक क्रूझ कंपन्या बोटीवर नेऊ देत नाहीत, हे मी तीनदा सांगितलं होतं. शेवटी सीएसएमटीला उतरल्यावर प्लॅटफॉर्मवरच आम्ही पाच जणांनी अकरा लाडू संपवले आणि टॅक्सीने बॅलार्ड पिअरला गेलो. तिथलं नवं टर्मिनल, सप्टेंबर 2025 मध्ये उद्घाटन झालेलं, बघून आई म्हणाली, "अगो, हे तर एअरपोर्टच!"

बोट सुटायच्या आधी प्रत्येकाने आपली जमायची जागा आणि लाइफ जॅकेट समजून घ्यायचं असतं. 2012 मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली, त्यानंतर हा नियम कडक झाला. आजूबाजूची तरुण मंडळी सेल्फी काढत होती. बाबा मात्र शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते. संपल्यावर केबिनपासून जमायच्या जागेपर्यंत दोनदा चालून आले.

पुढचं फार सांगत नाही. शो होते, पूल होता, कसिनोच्या दारातून आम्ही नुसतंच डोकावलो. किनारा सुटल्यावर नेटवर्क जातं, तेव्हा फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर बोटीच्या रोमिंगचं बिल घरी आल्यावर चक्कर आणेल. गोव्यात मुरगावला उतरल्यावर बोटीच्या सहलीऐवजी पाच जणांनी एक टॅक्सी केली आणि मंगेशीला जाऊन आलो. ते आम्हाला स्वस्त पडलं, फक्त परत यायच्या वेळेला दीड तास हातचा ठेवायचा. आईने मात्र एक केलं. नाश्ता झाल्यावर ती रोज ताटली उचलून बेसिन शोधायला निघायची. दुसऱ्या दिवशी लेकीने तिचा हात धरून बसवलं, "आजी, इथे तू पाहुणी आहेस." तिसऱ्या सकाळी आईने आपणहून ताटली टेबलावर ठेवली, हात मांडीत घेतले आणि बराच वेळ समुद्राकडे बघत बसली.

पहिल्या रात्रीची एक गोष्ट मात्र राहिली. पहाटे तीनच्या सुमाराला मला जाग आली, म्हणून आई-बाबांच्या केबिनचं दार वाजवलं, तर बाबा जागेवर नव्हते. पोटात गोळाच आला. वर गेले, तर डेकवर रेलिंगला धरून उभे, स्वेटर घालून, कानटोपी लावून. मासेमारीच्या होड्यांचे तुरळक दिवे सोडले तर सगळा काळोख.

"बाबा, इथे काय करताय?"

"विजयदुर्गाचो दिवो दिसता काय बघतंय."

बोट किनाऱ्यापासून खूप आत होती. काही दिसण्यासारखं नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि उभेच राहिले. मीही राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, सगळं धरून किती झाले? मी खरा आकडा सांगितला. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी भागाकार केला आणि काळोखाकडे बोट दाखवत म्हणाले, "पुढच्या बाजूची कौलं आधी घालूया. मागची पुढल्या वर्षी."