डोळ्यांना शेक

डोळ्यांची आग होते म्हटलं की आपल्याकडे निदान आधीच ठरलेलं असतं: उष्णता. सासूबाईंनी माझ्या तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासली, जाऊबाईंनी गुलकंद पाठवला, शेजारच्या काकू गुलाबपाण्याची बाटली घेऊन आल्या. गुलाबपाणी तेवढं मी डोळ्यांत घातलं नाही, ते निर्जंतुक नसतं. बाकी सगळं मुकाट्यानं करून घेतलं. नागपूरचा मे महिना, खिडकीत कूलर, त्याचा झोत थेट तोंडावर आणि मी दिवसभर संगणकावर मुद्रितं तपासत बसलेली. दुपारनंतर ऱ्हस्व-दीर्घ धूसर व्हायचे. उघडझाप केली की क्षणभर अक्षर लख्ख, मग पुन्हा तेच. बाहेर वाऱ्यावर गेलं की गालांवर पाणी.

नेत्रतज्ज्ञ बाईंनी तपासून सांगितलं, "डोळे कोरडे आहेत तुमचे."

"अहो, पाणी तर सारखं वाहतंय!"

त्या हसल्या. हे वाक्य त्यांना रोजच ऐकावं लागत असणार. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा एक पातळ थर असतो. तो तुटला की उघडी पडलेली जागा चुरचुरते आणि त्या चुरचुरीपायी डोळा भसाभसा पाणी सोडतो. ते वाहून जातं, टिकत नाही.

मग त्यांनी खालच्या पापणीच्या कडेला कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं. पट्टी 14 मिलिमीटर भिजली. 10 च्या वर म्हणजे पाणी पुरेसं. नंतर पिवळ्या रंगाचं औषध लावलं आणि उघडझाप न करता समोर बघायला सांगितलं. चौथ्या सेकंदालाच थर फाटला. तो 10 सेकंद तरी टिकायला हवा.

म्हणजे पाणी होतं, त्याच्यावरचं तेल नव्हतं. पापण्यांच्या कडेला, केसांच्या मुळांमागे, तेलाच्या ग्रंथींची रांग असते; वरच्या पापणीत साधारण 25 ते 40, खालच्या पापणीत थोड्या कमी. हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्यानं 1666 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना त्याचं नाव आहे. पूर्ण उघडझाप झाली की त्या दाबल्या जातात आणि तेल पाण्यावर पसरतं, त्यामुळे पाणी लवकर उडत नाही. पडद्याकडे टक लावून बसलं की उघडझाप कमी होते, होते तीही अर्धवट. त्यात कूलरचा झोत, पन्नाशीत बदललेली संप्रेरकं आणि सर्दीसाठी मी घेत असलेली ॲलर्जीची गोळी. तीही डोळे सुकवते. बाईंनी पापणीची कड हलकेच दाबली आणि भिंगातला फोटो मला दाखवला. तेलाचा पारदर्शक थेंब यायला हवा होता. आलं ते थंडीत गोठलेल्या खोबरेलासारखं, पांढरं आणि घट्ट.

उपाय म्हणून त्यांनी शेक सांगितला. ऐकून सासूबाई अवाक झाल्या. आगीवर आणखी गरम?

पंचाचे दोन तुकडे करायचे, पातेल्यातल्या सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळायचे, मनगटावर लावून बघायचे आणि मिटल्या डोळ्यांवर ठेवायचे. एक गार झाला की दुसरा, कारण तुकडा मिनिटभरातच निवतो आणि शेक पाच-दहा मिनिटं टिकायला हवा. मग स्वच्छ बोटानं वरची पापणी खाली आणि खालची वर, केसांच्या दिशेनं हलकेच चोळायची. शेवटी कडा पुसायच्या. काजळ बंद, कारण ते नेमकं ग्रंथींच्या तोंडाशी बसतं. फरक पडायला काही आठवडे गेले.

सोबत कृत्रिम अश्रूंचे थेंब मिळाले. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागले तर परिरक्षक नसलेले घ्या, असं बाईंनी बजावलं. परिरक्षकानंही डोळा चुरचुरतो. औषधांच्या दुकानात मात्र 'डोळे लाल आहेत' म्हणायची खोटी, भलतेच थेंब पुढे येतात. काही रक्तवाहिन्या आकसून लाली झाकतात, मग ती दुप्पट परत येते. काहींत स्टेरॉइड असतं. त्यानं सुरुवातीला फार बरं वाटतं आणि तिकडे डोळ्यातला दाब न दुखता वाढू शकतो. असे थेंब चिठ्ठीशिवाय हातात पडतात, याचा मला आजही राग येतो.

प्रत्येक जळजळ माझ्यासारखी नसते. खाज जास्त असेल तर बहुधा ॲलर्जी. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल तर रक्ततपासणी लागू शकते. दुखणं, उजेड न सोसणं, दृष्टी मंदावणं यांत घरी थांबायचं नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

आता कूलरचं तोंड भिंतीकडे असतं, त्यावरून घरात रोज कुरबुर होते. पडदा नजरेच्या थोडा खाली घेतलाय आणि प्रत्येक पान संपलं की डोळे घट्ट मिटून उघडते. त्यामुळे मुद्रितं जरा उशिरा जातात. प्रकाशकांच्या अजून तरी ते लक्षात आलेलं नाही.